आफ्रिकेच्या विकासाचा अभ्यास : तुकईथडच्या धुऱ्यावरून

खंडवा-अकोला या जुन्या मीटरगेज लोहमार्गावर, सातपुड्याचा डोंगराळ प्रदेश मेळघाटाला भिडतो त्या बाजूस तुकईथड हे स्थानक आहे. गाव मध्यप्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्याच्या खकनार तहसिलीतील; महाराष्ट्राची हद्द येथून फार दूर नाही. या पट्ट्यात मराठी, निमाडी, हिंदी आणि कोरकू या भाषा एकाच बाजारात कानी पडतात. सखल भागातील काळ्या जमिनीत कापूस, तूर व मका, पाण्याची सोय असेल तेथे केळी, आणि उतारावरील हलक्या मुरमाड जमिनीत ज्वारी, असे साधारणतः येथील पीकचित्र आहे.

अशा गावात आफ्रिका खंडाचा विषय काढला, तर तो येथील लोकांना दूरचा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु उतारावरच्या शेतातील ज्वारी ही मूळची आफ्रिकेची आहे. सुदान व त्याच्या आसपासच्या प्रदेशात ती प्रथम लागवडीखाली आली आणि सुमारे साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वी भारतात पोहोचली. बाजरी पश्चिम आफ्रिकेच्या कोरड्या पट्ट्यातून, नाचणी इथिओपिया-युगांडाच्या डोंगराळ भागातून, तर चवळीही आफ्रिकेतूनच आली. मांडूच्या किल्ल्यावर पर्यटक ज्या अजस्र बुंध्याच्या गोरखचिंचा कौतुकाने पाहतात, त्यांचे मूळही त्याच खंडात आहे. ज्वारीच्या मुळांवर जगणारे टारफुला हे तण जसे आपल्याकडील शेतकऱ्यास ठाऊक आहे, तसे ते सुदान व इथिओपियातील शेतकऱ्यासही चांगलेच ठाऊक आहे. टारफुल्यास दाद न देणाऱ्या ज्वारीच्या वाणांवर काम करणारे इथिओपियाचे शास्त्रज्ञ गेबिसा एजेटा यांना २००९ साली जागतिक अन्न पुरस्कार देण्यात आला. सारांश, भाकरीच्या नात्याने हा खंड आपला जुना शेजारी आहे.

आफ्रिकेचा विकास आणि विकासातील शाश्वतता या विषयावरील अल्पकालीन अभ्यासक्रम गेल्या काही दशकांत जगातील अनेक विद्यापीठांनी सुरू केले आहेत. त्यांची रचना बहुधा सारखीच असते. तीन ते सहा आठवडे एखाद्या आफ्रिकी देशात मुक्काम, सकाळी वर्गात व्याख्याने, नंतर खेडी, बाजार व रोपवाटिका यांना भेटी, काही दिवस एखाद्या कुटुंबात वास्तव्य आणि अखेरीस एक छोटा अहवाल. या अभ्यासक्रमांचे विद्यार्थी प्रामुख्याने युरोप-अमेरिकेतील असतात. भारतीय खेड्यातील शिक्षकास, ग्रामसेवकास किंवा कृषी पदवीधरास अशी संधी क्वचितच मिळते. तथापि अशा अभ्यासातून नेमके काय शिकावे, हा प्रश्न विचारण्यास तुकईथडसारखे गाव अत्यंत योग्य आहे.

पंतांनी घालून दिलेली वाट

आफ्रिकेशी शिक्षणाच्या देवाणघेवाणीचा विचार मराठी माणसास नवा नाही. सातारा भागातील औंध संस्थानाचे राजपुत्र आप्पासाहेब पंत यांची १९४८ साली पूर्व आफ्रिकेत भारताचे पहिले आयुक्त म्हणून नेमणूक झाली आणि त्यांनी नैरोबी येथे कार्यालय थाटले. महात्मा गांधींच्या सल्ल्याने औंधने १९३९ साली ग्रामपंचायतींच्या पायावर उभी असलेली राज्यघटना स्वीकारली होती आणि पंत त्या प्रयोगात वाढलेले होते. गोऱ्यांच्या सत्तेखाली दबलेल्या केनियातील लोकांकडे ते त्याच दृष्टीने पाहत. आफ्रिकी तरुणांना भारतात येऊन शिकता यावे म्हणून शिष्यवृत्त्या मिळवून देण्यासाठी त्यांनी परिश्रम घेतले. जोमो केन्याटा यांच्यासारख्या नेत्यांशी स्नेह जोडला. ब्रिटिश सरकारला ही जवळीक रुचली नाही आणि १९५४ साली पंतांना नैरोबी सोडावे लागले.

पुढे १९६४ साली भारत सरकारने तांत्रिक व आर्थिक सहकार्याचा कार्यक्रम सुरू केला. त्यानुसार आफ्रिकेतील अधिकारी व तंत्रज्ञ आजही आपल्या देशातील संस्थांत अल्पकालीन प्रशिक्षणासाठी येतात. मुंबई विद्यापीठात १९७१ साली आफ्रिका अभ्यास केंद्र स्थापन झाले. तरीही हा ओघ बहुतांशी एकाच दिशेने वाहत राहिला. आफ्रिकेने भारतात येऊन शिकावे, अशी कल्पना रूढ झाली. भारताने आफ्रिकेत जाऊन शिकावे, ही झाली नाही. मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने २०२३ साली टांझानियातील झांझिबार येथे आपली शाखा उघडली, तेव्हा भारतीय संस्थेत शिकण्यासाठी भारतीय विद्यार्थ्याने आफ्रिकेस जाण्याचा मार्ग खुला झाला.

इतिहासाकडे पाहता आफ्रिकेकडून शिकण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. इथिओपियात जन्मलेला मलिक अंबर गुलाम म्हणून दख्खनेत आला आणि निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. जमिनीची मोजणी व प्रतवारी करून सारा ठरविण्याची त्याची पद्धत दख्खनच्या महसुली इतिहासात आदराने उल्लेखिली जाते. सतराव्या शतकाच्या आरंभी त्याने खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे भुयारी नळांनी पाणी आणले. त्याच सुमारास, १६१५ साली, मोगलांच्या ताब्यातील बऱ्हाणपुरात इराणी तंत्राने कुंडी भंडारा बांधला गेला. रणांगणावर वैरी असलेल्या या दोन शहरांनी पाण्याची विद्या मात्र परक्या माणसांकडून निःसंकोच घेतली होती.

खुंटांतून उभे राहिलेले रान

अभ्यासक्रमात काय असावे, याचा विचार करताना नायजर या देशाचे उदाहरण सर्वांत आधी घेणे इष्ट ठरेल. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस साहेल नावाचा कोरडा पट्टा आहे. १९७० ते १९८५ या काळात तेथे भीषण दुष्काळ पडले. रान उजाड झाले, वारा पेरलेले बी उडवून नेऊ लागला आणि एकाच हंगामात दुबार-तिबार पेरणीची पाळी आली. सरकार व मदतसंस्थांनी लक्षावधी रोपे लावली; त्यांतील बहुसंख्य जळून गेली.

टोनी रिनाउडो नावाचे ऑस्ट्रेलियन कार्यकर्ते नायजरच्या माराडी भागात अशीच रोपे लावीत होते. १९८३ साली एका प्रवासात थांबले असता, ज्यास ते आजवर खुरटे झुडूप समजत होते तो प्रत्यक्षात तोडलेल्या झाडाच्या जिवंत खुंटास फुटलेला धुमारा आहे, हे त्यांच्या ध्यानी आले. जमिनीखाली मुळांचे एक संपूर्ण रान जिवंत होते. शेतकरी दरवर्षी पेरणीपूर्वी ते छाटून जाळीत होते, एवढेच. यावर उपाय अगदी साधा होता. प्रत्येक खुंटावरील चार-पाच जोमदार धुमारे राखावयाचे, बाकीचे कापावयाचे, गुरांपासून संरक्षण द्यावयाचे आणि मधल्या जागेत बाजरी-ज्वारी पेरावयाची. यास रोपवाटिका लागत नाही, पाणी घालावे लागत नाही, खर्च जवळजवळ काहीच नाही. संशोधकांच्या अंदाजानुसार पुढील दोन-अडीच दशकांत नायजरमधील सुमारे ५० लाख हेक्टर शेतजमिनीवर या रीतीने झाडे परतली आणि त्यांची संख्या २० कोटींच्या घरात गेली. यांतील बहुतेक काम शेतकऱ्यांनी एकमेकांचे पाहून केले.

येथे एक बाब अधिकाऱ्यांनी विशेषत्वाने लक्षात घ्यावी. नायजरमध्ये फ्रेंच अमदानीपासून शेतातील झाडदेखील सरकारी मालमत्ता मानले जाई. फांदी तोडली तरी दंड होई. परिणामी शेतात झाड वाढू देणे म्हणजे अंगावर संकट ओढवून घेणे, अशी शेतकऱ्याची समजूत होती आणि ती चुकीची म्हणता येणार नाही. वन कर्मचाऱ्यांनी दंडाचा बडगा सैल केला, राखलेल्या झाडाचे सरपण व पाला आपलाच, अशी खात्री लोकांना वाटू लागली, तेव्हा हे काम पसरले. रानाचे पुनरुज्जीवन तंत्राने झाले खरे, पण त्या तंत्राचे दार हक्काच्या किल्लीने उघडले.

सातपुड्याच्या उतारावरील शेतांत साग, पळस, धावडा, तेंदू यांचे खुंट आजही दिसतात. दरवर्षी त्यांस फूट येते आणि वखरणीपूर्वी ती साफ केली जाते. धुऱ्यावर दोन साग उभे असले तर ते पुढे तोडता येतील काय, परवानगी कोणाकडे मागावी, कागद किती लागतील, ही धास्ती शेतकऱ्याच्या मनात असते. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन अधिनियमानुसार अनुसूचित जातींची झाडे तोडण्यास परवानगी लागते. मध्यप्रदेशाचे नियम वेगळे आहेत. कायद्याचा हेतू रान वाचविण्याचा आहे. मात्र कायद्याची नीट माहिती नसलेला माणूस रोपट्यावरच कुऱ्हाड चालवून मोकळा होतो, हेही तितकेच खरे आहे.

याकुबाचे खड्डे

नायजरशेजारच्या बुर्किना फासो देशात याकुबा सवादोगो या शेतकऱ्याने दुसरी वाट दाखविली. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी दुष्काळामुळे यातेंगा प्रांतातील लोक गावे सोडून जाऊ लागले, तेव्हा याकुबा आपल्या गावी राहिले. दगडासारख्या कडक झालेल्या जमिनीत खड्डे घेऊन पेरणी करण्याची तेथे जुनी रीत होती. तिला 'झाई' म्हणतात. याकुबांनी ती सुधारली. खड्डे थोडे रुंद व खोल केले. पावसाळ्याची वाट न पाहता ते उन्हाळ्यातच खणले व त्यात शेणखत आणि काडीकचरा भरला. खताच्या ओढीने वाळवी आली आणि तिने जमीन पोखरून सच्छिद्र केली. पहिला पाऊस पडताच पाणी वाहून न जाता तेथेच मुरले. वाळवीस शेतावर कामास लावणारा हा शेतकरी शेजाऱ्यांना वेडा वाटला. उन्हाळ्यात, तेही कडक रानात, खड्डे खणीत बसलेल्या माणसास आपल्याकडेही कोणी शहाणे म्हणाले नसते! त्यांच्या रानास आगही लावण्यात आली.

खतातून आलेल्या बियांपासून खड्ड्यांत धान्याबरोबर झाडेही उगवली आणि ती त्यांनी राखली. सुमारे २५ हेक्टरांचे रान उभे झाले. पुढे ते आपल्या शेतावर शेतकऱ्यांचे मेळावे भरवू लागले. दूरदूरच्या गावांतून लोक बियाणे व अनुभव घेऊन येत. २०१८ साली त्यांना आणि रिनाउडो यांना, दोघांनाही, पर्यायी नोबेल म्हणून ओळखला जाणारा राइट लाइव्हलिहूड पुरस्कार मिळाला. मात्र शेजारचे वाहिगुया शहर वाढत गेले आणि याकुबांच्या रानाचा काही भाग घरांच्या भूखंडांखाली गेला. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

हे खड्डे तुकईथडच्या शेतात जसेच्या तसे घ्यावेत, असे सुचवावयाचे नाही. साहेलपेक्षा सातपुड्यात पाऊस पुष्कळ अधिक पडतो. काळ्या जमिनीत असा खड्डा पाण्याने भरून पीक सडेल. शिवाय एका हेक्टरात दहा हजारांहून अधिक खड्डे खणावे लागतात आणि मजुरीचा हिशेब केला तर ते अनेकांच्या आवाक्याबाहेरचे ठरते. मुरमाड, उघड्या पडलेल्या उतारावर समतल चरांच्या जोडीने एखाद्या गुंठ्यात प्रयोग करून पाहावा, इतपतच ते उपयोगी आहे. अभ्यासदौऱ्यावरून परतलेले लोक बहुधा येथेच चुकतात. तिकडे पाहिलेली वस्तू ते घेऊन येतात. ती ज्या मातीत व ज्या पावसात उपयोगी पडली, ती माती आणि तो पाऊस तिकडेच राहतो.

एक तूर, दोन शेतकरी

झाडांहूनही निकटचा विषय म्हणजे तूर. २०१५ च्या अखेरीस तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली, तेव्हा देशभर ओरड झाली. जुलै २०१६ मध्ये भारताने मोझांबिकशी करार केला. त्यानुसार २०१६-१७ मध्ये १ लाख टन डाळींची आयात करावयाची व ती वाढवीत २०२०-२१ पर्यंत २ लाख टनांवर न्यावयाची होती. त्याच वर्षी आपल्याकडे पाऊसपाणी चांगले झाले, चढा भाव पाहून शेतकऱ्यांनी तुरीचा पेरा वाढविला आणि विक्रमी पीक आले. हमीभाव बोनससह क्विंटलला ५,०५० रुपये असताना बाजारात दर त्याखाली गेला. महाराष्ट्रातील खरेदी केंद्रांसमोर गाड्यांच्या रांगा लागल्या आणि बारदानही अपुरे पडले.

ऑगस्ट २०१७ मध्ये भारताने तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली. येथील शेतकऱ्यास त्यामुळे थोडा धीर आला. परंतु मोझांबिक व मलावी येथील लहान शेतकऱ्यांनी भारताच्या भरवशावर तूर पेरली होती आणि त्यांच्या घरातील माल मातीमोल झाला. हा शेतकरी आपल्यासारखाच आहे. तो मक्यात तूर पेरतो, त्याच्याजवळही दोन-चार एकरच जमीन असते आणि व्यापारी देईल तो भाव त्यासही घ्यावा लागतो. त्याची तूर जुलै ते सप्टेंबरमध्ये निघते व आपली पुढे डिसेंबरनंतर. म्हणजे बऱ्हाणपूर-अकोल्याची तूर फुलावर येण्याच्या सुमारास आफ्रिकेची तूर मुंबई बंदरात उतरते. आफ्रिकेच्या विकासाच्या अभ्यासक्रमात हा धडा नसेल, तर तो अभ्यासक्रम अपुरा समजावा.

किडींच्या बाबतीतही हाच अनुभव आहे. मूळच्या अमेरिका खंडातील लष्करी अळी २०१६ च्या आरंभी पश्चिम आफ्रिकेत आढळली. ती झपाट्याने त्या खंडातील मक्यावर पसरली आणि मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा येथे प्रकट झाली. पाठोपाठ महाराष्ट्र व मध्यप्रदेशातील मकाही तिच्या तडाख्यात सापडला. आफ्रिकेतील शेतकरी दोन वर्षे या अळीशी झुंजत होता. त्याचा अनुभव आपल्या विस्तार यंत्रणेपर्यंत वेळीच पोहोचला असता तर किती मका वाचला असता, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. उलटपक्षी, आशियातील खोडकिडा १९३० च्या सुमारास आफ्रिकेत गेला आणि ज्वारी-मक्याचे अतोनात नुकसान करू लागला. केनियातील कीटकशास्त्र संस्थेने त्यावर युक्ती काढली. पिकाच्या ओळींत डेस्मोडियम ही शेंगवर्गीय वनस्पती लावावयाची. तिच्या वासाने पतंग दूर पळतो व टारफुल्याचाही बंदोबस्त होतो. शेताच्या कडेने नेपियर गवत लावावयाचे. ते पतंगास आपल्याकडे ओढून घेते. दोन्ही वनस्पती गुरांना वैरण म्हणून चालतात.

सक्तीचा धडा

यश तेवढे पाहून परतणे, हा अशा दौऱ्यांचा दुसरा दोष होय. टांझानियाचे राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे हे मूळचे शिक्षक. तेथील जनता त्यांना 'म्वालिमू', म्हणजे गुरुजी, म्हणत असे. १९६७ च्या अरुशा घोषणेत त्यांनी ग्रामीण बंधुभावावर आधारलेल्या विकासाचा पुरस्कार केला. विखुरलेल्या वस्त्यांनी एकत्र यावे, शाळा, दवाखाना व पाणी यांची सोय करावी आणि शेती सहकाराने करावी, असा विचार होता. विनोबांच्या ग्रामदानाशी तो पुष्कळ जुळता होता. साक्षरतेत त्या देशाने मोठी मजल मारली. परंतु लोक स्वेच्छेने पुरेसे येईनात, तेव्हा १९७३ पासून सरकारने सक्तीने गावे हलविली. काही ठिकाणी जुनी घरे पाडण्यात आली. ओळखीची जमीन सुटली, पेरणीचा हंगाम हुकला आणि धान्य परदेशातून मागविण्याची वेळ आली. हेतू निर्मळ होता, नेताही प्रामाणिक होता. पुनर्वसनाचे काम करणाऱ्या आपल्या अधिकाऱ्यांनी तेथे जाऊन त्या गावांतील वृद्धांशी बोलणे अधिक उपयोगाचे ठरेल. व्याख्याने पुढेही ऐकता येतील.

केनियातील वांगारी मथाई यांचे १९७७ पासूनचे वृक्षसंवर्धन कार्य आणि त्यांना २००४ साली मिळालेले शांततेचे नोबेल पारितोषिक सुपरिचित आहे. रवांडात दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी होणारे सामूहिक श्रमदानही पाहण्यासारखे आहे. मात्र पाहुण्यांना दाखविण्यासाठी सजविलेले गाव प्रत्येक देशात असते आणि तीन आठवड्यांच्या पाहुण्यास बहुधा तेच दिसते. म्हणून विद्यार्थ्याने निदान एक दिवस वाटाड्यावाचून बाजारात घालवावा. पूर्व आफ्रिकेत त्यास फारसे परके वाटणार नाही. तेथील स्वाहिली भाषेत दुकानास 'दुका', गाडीस 'गारी' आणि चहास 'चाय' म्हणतात.

शाळेत आणि ग्रामसभेत

परदेशी जाण्याची संधी थोड्यांनाच मिळणार. पण अभ्यास घरबसल्या सुरू करता येतो. शिक्षकांनी प्रथम नकाशाची दुरुस्ती करावी. शाळेतील अनेक नकाशांत ग्रीनलँड जवळजवळ आफ्रिकेएवढे दिसते. वस्तुतः आफ्रिका त्याच्या सुमारे चौदापट आणि भारताच्या नऊपट मोठी आहे. तेथे ५० हून अधिक स्वतंत्र देश व सुमारे दीडशे कोटी लोकसंख्या आहे, तेव्हा 'आफ्रिकेत असे असते' या वाक्याने काहीच सांगितल्यासारखे होत नाही. कोणता देश, कोणता जिल्हा, पाऊस किती, असे विचारण्याची सवय मुलांस लावावी.

त्यानंतर उन्हाळ्यात वरच्या वर्गातील मुलांनी आपापल्या शेतातील जिवंत खुंट मोजून त्यांची जात व जागा वहीत लिहावी. एका धुऱ्यावरचे दहा खुंट निवडून त्यांवरील दोन-तीन धुमारे राखण्यास वडील मंडळींनी अनुमती द्यावी. धुमारा किती वाढला, लगतच्या ओळीतील पिकावर सावलीचा परिणाम काय झाला, सरपण व पाला किती निघाला, याची नोंद तीन वर्षे ठेवली तर तुकईथडजवळ स्वतःचा आकडा असेल.

वन व महसूल विभागांच्या स्थानिक अधिकाऱ्यांकडून या कामी एकच गोष्ट अपेक्षित आहे. स्वतःच्या मालकीच्या अथवा वनहक्क पट्ट्याच्या जमिनीत राखलेले कोणते झाड शेतकऱ्यास परवानगीवाचून छाटता येते, कोणत्यास परवानगी लागते आणि अर्ज कोठे करावा, याचा खुलासा एका कागदावर, गावच्या भाषेत लिहून द्यावा. तो मे महिन्याच्या ग्रामसभेत वाचून दाखविला, तर वखर शेतात उतरण्यापूर्वी सर्वांच्या कानी पडेल.